सासूबाईंच्या स्ट्रिपमधली गोळी आणि नसांचं अस्तर

पत्र थोडक्यात: वाचक बाईंचं वय ४१, काम दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या थोरल्या भावाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तीन आठवड्यांनी पोटरीत गुठळी झाली आणि तिचा तुकडा फुप्फुसात जाऊन अडकला. भाऊ वाचले, आता बरे आहेत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. पण बाईंची झोप उडाली ती उडालीच. कोणालाही न विचारता लॅबमध्ये जाऊन त्यांनी डी-डायमर नावाची रक्ताची टेस्ट करून घेतली, ती ६१० आली आणि रिपोर्टवर ५०० च्या आत नॉर्मल असं छापलेलं. त्या रात्रीपासून त्या सासूबाईंच्या डब्यातली ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन घेतायत, त्याला आता तीन आठवडे झाले. हातावर हल्ली निळे डाग दिसतात. त्या लिहितात, "माझं रक्त जात्याच घट्ट असणार. रक्ताचा स्वभावच गोठायचा, मग आज ना उद्या माझ्याही नसेत ते गोठणारच ना? मग जन्मभर एक छोटी गोळी घेतली तर बिघडलं कुठे?" नवरा म्हणतो की गुठळी नसेत नाही, तुझ्या डोक्यात झालीये. शेवटी त्यांनी जाता जाता असंही लिहिलंय की टेस्टच्या आठ दिवस आधी सणकून ताप येऊन गेला होता, आणि पाळी नीट यावी म्हणून पाच महिन्यांपासून एक हॉर्मोनची गोळी चालू आहे, "बाकी औषध काही नाही". सासूबाईंना दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, अ‍ॅस्पिरिन त्यांची आहे.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोळा त्या ६१० वर गेला, कारण तुम्ही त्याच्याखाली रेघ मारलीय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की रेघ चुकीच्या ठिकाणी मारलीय, ती मारायला हवी होती शेवटच्या ओळीखाली, त्या "बाकी औषध काही नाही" च्या आधी. त्याच्याकडे येतेच, पण आधी तो रक्ताच्या स्वभावाचा मुद्दा घेऊ, कारण तुमची सगळी भीती त्या एका वाक्यावर उभी आहे आणि ते वाक्य अर्धंच खरं आहे.

रक्ताला गोठायची घाई असते हे खरंच. मी पॅथॉलॉजीतली, माझे निम्मे दिवस ट्यूबा बघण्यात गेलेत. साध्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन स्टँडला लावून ठेवलं की काही मिनिटांत ते जड व्हायला लागतं, अर्ध्या तासात ट्यूब आडवी केली तरी हलत नाही, जेलीसारखा एक गडद गोळा, थोड्या वेळाने तो आक्रसतो आणि कडेला पिवळसर पाणी सुटतं. तुमचं डी-डायमरचं सॅम्पल निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतलं असणार, आठवतंय का बघा, कारण त्या ट्यूबच्या तळाशी सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं आणि कॅल्शियमशिवाय रक्ताला गोठता येत नाही. म्हणजे बाहेर काढलेलं रक्त पातळ ठेवायचं तर आम्हाला केमिकल घालावं लागतं.

आता गंमत बघा. तेच रक्त, त्याच क्षणी, सुईच्या दोन इंच वर तुमच्या दंडात वाहत होतं आणि तिथे कोणी सायट्रेट घातलेलं नव्हतं. साधारण पाच लिटर रक्त, शांत बसलेलं असताना मिनिटाभरात अंगभर एक फेरी मारतं, ४१ वर्षं मारतंय. ट्यूबमध्ये अर्धा तास निघत नाही आणि तुमच्या आत ४१ वर्षं निघाली. रक्ताचा स्वभाव तर दोन्हीकडे सारखाच, मग फरक कशात? भांड्यात. ट्यूबची भिंत निर्जीव आहे, नसेची भिंत जिवंत आहे.

हा प्रश्न तुमच्या आधीही मोठ्या मोठ्या लोकांना पडलेला. जोसेफ लिस्टर, तोच, ऑपरेशनमध्ये जंतुनाशक वापरायला शिकवणारा, त्याने १८६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीत रक्त गोठण्यावरच व्याख्यान दिलं होतं. त्याचं म्हणणं साधारण असं की रक्त आपणहून गोठत नाही, परक्या वस्तूला लागलं की गोठतं, आणि निरोगी नसेच्या आतल्या बाजूचा गुण असा की ती रक्ताला डिवचत नाही. एवढंच, डिवचत नाही. म्हणजे त्याच्या हिशेबी नस गप्प बसते आणि गप्प बसणं हेच तिचं काम. पहिला भाग त्याने अचूक पकडला, दुसऱ्यात तो कमी पडला, कारण ती गप्प बिलकुल बसत नाही.

नसेच्या आतून पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम म्हणतात, आपण सरळ अस्तर म्हणू. जागोजागी एक मायक्रॉनपेक्षाही पातळ, आणि लाल पेशीच सात-आठ मायक्रॉनची असते म्हणजे अंदाज येईल. हृदयापासून केसासारख्या बारीक केशवाहिन्यांपर्यंत सगळीकडे हेच अस्तर. नाव मी अस्तर घेतलंय खरं, पण कोटाच्या अस्तरासारखं डोळ्यासमोर आणू नका, ते कापड आहे आणि हे राबणारं माणूस आहे.

कागदाने बोट कापलेलं आठवा. बारीक चीर, रक्ताचा एक टिपूस, दोन-चार मिनिटं दाबून धरलं की थांबतं. तिथे होतं असं की अस्तर फाटतं, त्याच्या खालचं कोलॅजन उघडं पडतं, त्याला व्हॉन विलेब्रँड नावाचा एक चिकट धागा लागतो, धाग्याला प्लेटलेट्स अडकतात, त्या अडकलेल्या प्लेटलेट्स बाकीच्यांना हाका मारतात, पलीकडे थ्रॉम्बिन तयार होतं आणि ते फायब्रिनचं जाळं विणतं. झालं, बूच बसलं. हे सगळ्यांना शाळेत शिकवतात. त्यापुढचा प्रश्न कोणी विचारत नाही, की हे बूच थांबतं कसं? पुढे वाहणाऱ्या रक्तात त्याच प्लेटलेट्स आहेत, ज्याचं फायब्रिन बनतं ते फायब्रिनोजेनही तेच आहे, सगळा कच्चा माल तयार, मग गुठळी बोटातून मनगटात आणि मनगटातून कोपरात का चढत नाही?

ती चढत नाही कारण चिरेच्या काठावरच्या धडधाकट पेशी तिला चढू देत नाहीत. या पेशी कायम दोन गोष्टी सोडत असतात, नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक वायू, जो सोडल्यापासून काही सेकंदच टिकतो, आणि प्रोस्टासायक्लिन, आणि दोन्हींचा प्लेटलेट्सना निरोप एकच, इथे थांबू नका, पुढे व्हा. प्लेटलेट्स एकमेकींना ज्या हाका मारतात त्यातली एक हाक म्हणजे एडीपी नावाचा रेणू, तर या पेशींच्या अंगावर तो रेणूच तोडून टाकणारं एन्झाइम बसवलेलं असतं, म्हणजे हाक पोचायच्या आतच गिळायची. त्यांच्या अंगावर हेपरान सल्फेटची बारीक लव असते, रक्त गोठू नये म्हणून देतात ते हेपरिनचं इंजेक्शन ऐकलं असेल ना, त्याचंच भावंड, तिला रक्तातलं अँटिथ्रॉम्बिन चिकटलं की भरकटत आलेलं थ्रॉम्बिन ते जागीच निकामी करतं.

पण मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते थ्रॉम्बोमोड्युलिन. थ्रॉम्बिन हा गुठळी करणारा मुख्य गडी, जाळं विणणारा. तो चिरेवरून वाहत वाहत शेजारच्या निरोगी पेशीवर आला की तिच्या अंगावरचं थ्रॉम्बोमोड्युलिन त्याला धरतं, आणि धरल्याबरोबर थ्रॉम्बिनचं काम उलटं होतं. आता तो जाळं विणत नाही, तो प्रोटीन सी ला जागं करतो, एकटा असताना करायचा त्याच्या हजारपट वेगाने, आणि जागं झालेलं प्रोटीन सी त्याच्या जोडीदाराला, प्रोटीन एस ला, हाताशी घेऊन गोठण्याच्या साखळीतल्या दोन महत्त्वाच्या कड्या तोडून टाकतं. म्हणजे ज्याने गुठळी केली त्याच्याच हातून पुढची गुठळी बंद. काट्याने काटा काढणं म्हणतात ते हेच, फक्त इथे काटा तोच असतो. हे प्रोटीन एस लक्षात ठेवा हं, थोड्या वेळाने लागणार आहे.

आणि एवढं करूनही कुठे बारीक जाळं झालंच तर अस्तर टीपीए सोडतं, जे जाळं विरघळवायची प्रक्रिया सुरू करतं. लकवा मारल्यावर पहिल्या साडेचार तासांत जे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतात त्यातलं जुनं आणि सगळ्यात माहितीतलं औषध म्हणजे हाच टीपीए, कारखान्यात बनवलेला. मूळ कृती तुमच्या नसांचीच.

हे सगळं इतकं उशिरा कळलं याचंही कारण मजेशीर आहे. रॉबर्ट फर्चगॉट नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं एक औषध घातलं की पट्टी आखडायची, वर्षानुवर्षं आखडायची. मग प्रयोगाची पद्धत जरा बदलली, पट्टीऐवजी अख्खी कडी घेतली, तर तेच औषध घालून नस सैल पडली. शोधता शोधता कळलं की पट्टी तयार करताना आतली बाजू घासली जायची आणि अस्तर निघून जायचं, म्हणजे इतकी वर्षं ते अस्तर नसलेली नस तपासत होते. १९८० मध्ये हे छापून आलं, पुढे समजलं की अस्तर सोडतं तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड आहे, आणि १९९८ चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना मिळालं. बोटाने घासलं तर निघून जाईल अशी वस्तू, तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं. तुमच्या पत्रातही तसंच झालंय, तुम्ही रक्ताबद्दल दोन पानं लिहिलीत आणि नसेबद्दल एक अक्षर नाही.

तर तुमचा प्रश्न मी जरा फिरवून ठेवते. "माझं रक्त गोठू नये म्हणून काय घेऊ" याऐवजी असं विचारा, की "हे काम चोवीस तास चालूच आहे, मग ते कधी आणि कशाने कमी पडतं, आणि माझ्या बाबतीत त्यातलं काही आहे का". मग उत्तर एकदम वेगळं येतं.

आधी भाऊ. १८५६ मध्ये रुडॉल्फ फिर्को या जर्मन डॉक्टरांनी फुप्फुसातल्या गुठळ्यांवर जे काम मांडलं त्यातून तीन कारणांची एक त्रिसूत्री आली, ती आजही आम्ही तशीच वापरतो: रक्त साचून राहणं, नसेला इजा होणं, आणि रक्त गोठण्याकडे झुकणं. भावाच्या बाबतीत तिन्ही एकदम आली. ऑपरेशनने आसपासच्या नसांना धक्का, शरीर जखम भरायच्या मोडमध्ये म्हणजे गोठवणारी द्रव्यं वाढलेली, आणि पाय अंथरुणावर. पायाच्या शिरांमध्ये झडपा असतात, त्या झडपांच्या मागे छोटे खिसे, पोटरी हलली नाही की त्या खिशांत रक्त तुंबतं, तिथला ऑक्सिजन घटतो आणि तिथलं अस्तर मलूल पडतं. बहुतेक वेळा पायातली गुठळी सुरू होते ती तिथेच. म्हणजे त्यांना जे झालं त्याला नाव-गाव असलेलं कारण होतं. तुम्ही बहीण आहात म्हणून तुमचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त धरायचा, हे मी लपवणार नाही, पण "थोडा जास्त" आणि "आज ना उद्या होणारच" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता ते ६१०. डी-डायमर म्हणजे काय माहितीये का, फायब्रिनचं जाळं विरघळताना त्याचे जे तुकडे पडतात त्यातला एक. म्हणजे आकडा वाढला याचा अर्थ कुठेतरी जाळं झालं आणि ते साफ होतंय. ते जाळं गुठळीचं असू शकतं, तसंच तापाचं, सुजेचं, ऑपरेशनचं, गरोदरपणाचं, नुसत्या वाढत्या वयाचंही असू शकतं. कोविडमध्ये हा शब्द घराघरात गेला तो याच कारणाने, त्या आजारात अस्तरच सुजायचं. अस्तर सुजलं की पारडं फिरतं, थ्रॉम्बोमोड्युलिन कमी होतं, आणि तो चिकट व्हॉन विलेब्रँड धागा जो अस्तराने स्वतःच्याच पोटात साठवून ठेवलेला असतो तो बाहेर फेकला जातो. साध्या तापातही याची छोटी आवृत्ती घडते. तुम्ही सणकून ताप येऊन गेल्यावर आठ दिवसांत टेस्ट केलीत, ती ६१० आली, मला त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसत नाही. ही टेस्ट खरी उपयोगी पडते ती उलट बाजूने, लक्षणं संशयास्पद आहेत पण शक्यता कमी वाटतेय अशा माणसात ती नॉर्मल आली तर डॉक्टर निश्चिंतपणे म्हणू शकतात की गुठळी नाही. लक्षण काहीच नसताना हौसेने करायची ही टेस्ट नव्हे, त्यातून हाती फक्त काळजी लागते. हे लॅबमधली बाई सांगतेय म्हणजे बघा.

मग ती गोळी. इथे मी जरा रागावणार आहे. "छोटी गोळी" म्हणालात, आकाराने छोटी आहे, कामाने नाही. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेट्सचं एक एन्झाइम कायमचं बंद करते, प्लेटलेटला केंद्रक नसतं म्हणून ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, तिचं सात ते दहा दिवसांचं आयुष्य तशीच काढते. हातावरचे निळे डाग बहुतेक त्याचेच. बाहेर दिसतात ते डाग, पोटाच्या आतून रक्त गेलं तर ते दिसत नाही, उशिरा कळतं. शिवाय तुमचा नेमही चुकलाय. अ‍ॅस्पिरिनचा खरा जोर धमन्यांतल्या, प्लेटलेट्सच्या गुठळ्यांवर, हार्ट अ‍ॅटॅकवाल्या. भावाला झाली ती शिरेतली, तिथे फायब्रिन आणि लाल पेशींचा भरणा जास्त, म्हणूनच त्यांना डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय. म्हणजे भीती एकीची आणि गोळी दुसरीची.

२०१८ मध्ये तीन मोठ्या चाचण्यांचे निकाल लागोपाठ आले, आधी हृदयविकार न झालेल्या लोकांना रोज अ‍ॅस्पिरिन देऊन काय होतं हे बघणाऱ्या, आणि तिन्हींचा सूर असा की फायदा झाला तरी फार थोडा आणि रक्तस्राव वाढतो. २०२२ मध्ये अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्य समितीने साठीच्या पुढच्या लोकांना तर स्पष्टच सांगितलं की केवळ प्रतिबंध म्हणून ही गोळी नव्याने सुरू करू नका, आणि त्याखालच्या वयातही धोका बघून, डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. तेव्हा तुम्ही स्वतःहून चालू केलेली ही गोळी आज रात्रीपासून बंद. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा तीन आठवडे घेतली होती हे सांगा, लाजू नका.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी मात्र कृपा करून इथे गल्लत करू नका. ज्यांना डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करायची कुठलीही गोळी लिहून दिलीय, त्यांनी माझं हे वाचून ती बंद करायची नाही, एक दिवससुद्धा नाही, काही शंका असेल तर आधी त्यांनाच फोन. (जाता जाता, "रक्त पातळ करणारी" हे नाव मला पटत नाही. त्या गोळ्यांनी रक्त पाण्यासारखं होत नाही, रक्त होतं तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लावतं. तुमच्या "घट्ट रक्त" या शब्दाचं मूळही याच नावात आहे असं मला वाटतं.)

आता येऊ त्या शेवटच्या ओळीवर. पाळीसाठीची हॉर्मोनची गोळी, पाच महिने. तुम्ही ती औषधातच धरली नाहीत, बऱ्याच बायका धरत नाहीत. मला तिचं नाव माहीत नाही, म्हणून आज घरी गेल्यावर स्ट्रिपची मागची बाजू वाचा. तिथे एथिनिल एस्ट्राडायॉल किंवा नुसतं एस्ट्राडायॉल असा शब्द असेल तर ती इस्ट्रोजेनवाली आहे. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन यकृतात जाऊन गोठवणारी द्रव्यं वाढवतं आणि मगाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते प्रोटीन एस कमी करतं. म्हणजे अस्तर बिचारं थ्रॉम्बिनला धरून त्याचं काम उलटं करतंय आणि पुढे जोडीदारच अपुरा.

आता घाबरू नका, आकडे ऐका. गरोदर नसलेल्या आणि अशी गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला साधारण १ ते ५ जणींना शिरेत गुठळी होते, घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९ जणींना. म्हणजे वाढते, पण दहा हजारांतल्या नऊ हजार नऊशे नव्वदहून जास्त जणींना काही होत नाही. तुलनेसाठी सांगते, गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० असतो आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत ४० ते ६५ च्या हिशेबाने चढतो, आणि बायका त्यातून सुखरूप जातातच. पण तुमचं प्रकरण सरासरी नाही. सख्ख्या भावाला गुठळी, वय चाळिशीच्या पुढे, दिवसभर बसून काम, आणि अशा गोळीचा धोका पहिल्या काही महिन्यांत, पहिल्या वर्षात जास्त असतो, नेमकी तीच वेळ. ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांना भावाचं माहीत होतं का? तारखा जुळवल्या तर गोळी सुरू झाली तेव्हा भावाला काही झालेलंच नव्हतं, म्हणजे त्यांना माहीत असणं शक्यच नाही. त्यांनी विचारलं असेल घरात कोणाला गुठळी झालीये का, तुम्ही नाही म्हणाला असाल, आणि ते उत्तर तेव्हा खरंही होतं. आता ते बदललंय आणि त्यांना कोणी कळवलेलं नाही.

म्हणून याच आठवड्यात त्यांची वेळ घ्या आणि एवढंच सांगा, भावाला ऑपरेशननंतर पायात आणि फुप्फुसात गुठळी झाली, आता ही गोळी चालू ठेवायची का. पर्याय असतात, नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या कमी डोसच्या गोळ्या असतात ज्यांनी हा धोका फारसा वाढताना दिसत नाही, किंवा पाळी का बिघडली तेच नव्याने बघता येतं. भावाच्या डॉक्टरांना काही आनुवंशिक शंका असेल, म्हणजे फॅक्टर पाच लायडेनसारखं काही, ज्यात प्रोटीन सी आपली कडी नीट तोडू शकत नाही, तर ते तपासायचं की नाही तेही तेच सांगतील. ऑपरेशनसारखं उघड कारण असताना सहसा त्या टेस्ट करत बसत नाहीत. तुम्ही परत स्वतःच लॅब गाठू नका, प्लीज.

नसांचं अस्तर सांभाळायला काय करायचं हे विचाराल तर उत्तर इतकं साधं आहे की सांगायला संकोच वाटतो. त्याला वाहतं रक्त लागतं. अक्षरशः. अंगावरून रक्त घासत गेलं की अस्तराच्या पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतात, प्रवाहाच्या दिशेने स्वतःला लांबट करून लावून घेतात. लोकांना तीन तास सलग बसवून मांडीतल्या धमनीचं अस्तर कसं वागतं ते मोजलेलं आहे, ते मंदावतं, आणि तीच माणसं दर तासाला पाच मिनिटं चालली तर मंदावत नाही. तुम्ही रोज आठ-नऊ तास बसता. रोजची गोळी लक्षात राहिली ना तीन आठवडे, मग तासाचा अलार्म पण राहील. उठणं जमत नसेल तेव्हा खुर्चीतच टाचा उचला-टेकवा, पोटरी आवळली गेली की ते झडपांमागचे खिसे धुतले जातात. चार तासांहून लांबच्या प्रवासाचंही तेच, बसून राहिलं तर धोका साधारण दुप्पट होतो, पण निरोगी माणसात तो दुप्पट होऊनही सहा हजारांत एकाच्या आसपास असतो, त्यासाठी प्रवास सोडायची गरज नाही, पाय हलवायची आहे.

बाकी सिगारेट, वाढलेलं ब्लडप्रेशर, वाढलेली साखर, हे तिन्ही अस्तराचे पक्के वैरी. घरात कोणाला असतील तर त्यांच्यासाठी. अस्तर सुधारणाऱ्या कॅप्सूल-पावडरींच्या जाहिराती दिसतील, त्यातल्या काही रक्तस्राव वाढवतात, विशेषतः आधीच पातळ करायची गोळी चालू असलेल्यांमध्ये, म्हणून भावाला कोणी काही "नैसर्गिक" आणून दिलं तर आधी त्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हे सगळ्यांसाठीच, टेस्टपेक्षा हे ओळखता आलं पाहिजे: एकाच पायाला सूज, दुखणं, गरम लागणं, रंग बदलणं, हे त्याच दिवशी दाखवायचं. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, किंवा तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं अडखळणं, तर वाट बघायची नाही, सकाळी बघू म्हणायचं नाही, सरळ इमर्जन्सी. तुम्हाला यातलं आत्ता काही असेल आणि पत्रात लिहायचं राहिलं असेल तर हा कागद खाली ठेवा आणि निघा.

नवऱ्याला सांगा की त्याचा विनोद बरा होता पण निदान चुकलं, बायकोची भीती निराधार नव्हती, फक्त बोट दुसरीकडे दाखवत होती.

एक राहिलंच, सासूबाई. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिला स्वतःचं अस्तर नसतं. बसवल्यावर हळूहळू नसेच्या पेशी तिच्यावर पसरतात, औषध लावलेल्या स्टेंटवर तर त्याला आणखी वेळ लागतो, म्हणून सुरुवातीचे काही महिने प्लेटलेट्स थोपवायच्या दोन गोळ्या देतात आणि पुढे बहुतेकांची एक चालू राहते. तुमच्या अस्तराला जी गोळी नको होती ती त्यांच्या त्या जाळीला हवी आहे. तुम्ही त्यांच्या डब्यातून एकवीस गोळ्या काढल्यात. आज स्ट्रिप त्यांच्या डब्यात परत ठेवा, उरलेल्या मोजा, आणि संपायच्या आत नवीन आणून ठेवा. मधल्या काळात त्यांचा एखादा दिवस हुकला का, हेही जरा विचारून घ्या.